सोवळ्यातली बाग

माहीममधल्या कोणत्याही जुन्या सोसायटीच्या आवारात शिरा. लेडी जमशेटजी रोडवरची असो, शीतलादेवीच्या देवळामागची असो, नाहीतर कॅडल रोडची (त्याचा वीर सावरकर मार्ग झाला त्याला जमाना लोटला, पण जुने रहिवासी अजून कॅडल रोडच म्हणतात). भिंतीकडेला दोन-चार माड उभे असतील. त्यांच्या बुंध्याशी बघा. पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला चिकटवून बसवलेले, मधल्या फटी सिमेंटने बुजवलेल्या, करंगळी खुपसावी एवढीही माती उघडी नाही. खोडात खिळे ठोकलेले. एका खिळ्यावर सीसीटीव्हीची पाटी, दुसऱ्यावर गाड्या कशा लावाव्यात याची सूचना, तिसऱ्यावर गेल्या गणपतीतल्या दिव्यांच्या माळेची उरलेली तार. वर नारळ लगडलेले. या नारळांची वाटणी कशी करायची, तळमजल्याला जास्त द्यायचे की सगळ्यांना सारखे, यावर कमिटीत हमरीतुमरी होते. त्या मुळांना पाणी कुठून मिळते, हा प्रश्न आजवर कुणी सभेत विचारला असेल असे मला वाटत नाही.

हे अज्ञान असते तर मी लेखणी उचलली नसती. अज्ञानी माणसाला सांगता येते. इथे राहणारा माणूस शिकलेला आहे, खिडकीच्या ग्रिलमध्ये डझनभर कुंड्या ठेवतो, 'झाडे लावा, झाडे जगवा' या घोषणेखाली फोटो काढून घेतो, वटपौर्णिमेला वड पुजतो, घरात तुळस असल्याचा अभिमान बाळगतो. आणि तोच माणूस झाडाच्या गळ्याशी सिमेंट नेऊन भिडवतो, कारण पावसाळ्यात चिखल होतो, गाडीचे टायर माखतात, मुलांचे बूट खराब होतात.

माझा आरोप स्पष्ट आहे. आपले झाडांवरचे प्रेम सोवळ्यातले आहे. फळ हवे, फूल हवे, सावली हवी, पुण्य हवे. माती नको, शेण नको, कुजणे नको, आणि त्या कुजण्यात हात घालणारा माणूस तर नकोच नको. ज्या मनाने या देशात माणसांची उतरंड रचली, तेच मन आपण बागेतही घेऊन गेलो आहोत.

हे आजचे नाही. माहीम एके काळी माडांचे गाव होते. बिंब राजाने इथे येऊन राजधानी वसवली, झाडे लावली, असे जुनी आख्याने सांगतात. ते माहीम हेच की केळवे-माहीम, हा वाद इतिहासकारांनी घालत बसावे. वादापलीकडचे एवढेच की इंग्रज आले तेव्हा माहीमपासून दक्षिणेला माडांच्या दाट वाड्या होत्या. भंडारी माडी उतरवत, कोळी मासळी आणत, आणि बाजारात न खपलेली, सडायला आलेली मासळी माडाच्या बुडाशी पुरली जाई. खारट, वाळूमिश्रित जमिनीत माड पोसायचा तर हाच उपाय होता. माशाच्या खताने माड कसा तरारतो हे किनाऱ्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

साहेबाला मात्र त्या वासाने भोवळ आली. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबईत होता. इथली हवा दूषित होण्याचे एक कारण म्हणून त्याने माडांच्या या मासळीखताकडे बोट दाखवले. पुढे कंपनी सरकारने त्या खतावर बंदी घालूनही पाहिली. इंग्रज तापाने पटापट मरत होते आणि कुणाला तरी दोषी ठरवायचे होते. दोषी ठरला कोळ्याच्या टोपलीतला वास. दोनशे वर्षांनंतर, १८९७ साली, रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दाखवले, तेव्हा कळले की ताप सडक्या मासळीतून येत नव्हता. तो साचलेल्या पाण्यावरच्या डासातून येत होता.

साहेब गेला, त्याचे नाक इथेच राहिले. आज सोसायटीत कुणी म्हणाले की कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचा खड्डा करू, झावळ्या आणि भाजीची देठे त्यात टाकू, सहा महिन्यांत झाडांना खत होईल, तर पहिला आक्षेप काय येतो? 'वास येईल. डास होतील.' आणि हे म्हणणाऱ्याच्याच खिडकीत बघा: प्रत्येक कुंडीखाली प्लास्टिकची ताटली, तीत चार दिवसांचे नितळ पाणी, दिवाणखान्यात काचेच्या बाटलीत मनी प्लांट, पाणी कधी बदलले आठवत नाही. डेंग्यूचा डास घाणीत अंडी घालत नाही, त्याला असे स्वच्छ, थांबलेले पाणी लागते. दर पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी दारोदार फिरून याच ताटल्या आणि बाटल्या उलट्या करत असतात, आणि दार उघडणारे त्यांना चपला बाहेर काढायला सांगतात. कुजणाऱ्या पानांना आपण रोगाचे घर ठरवले आणि रोगाला शोभेच्या बाटलीत वाढवले.

माडाचे शास्त्र थोडे सांगतो, कारण पाप किती मोठे आहे ते त्याशिवाय कळणार नाही. माडाला सोटमूळ नसते. बुडख्यातून हजारो दोरीसारखी मुळे फुटतात आणि आडवी पसरतात. अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या थरात असतात. जुनी मुळे मरतात, बुडख्यातून नवी येतात, आणि हे माडाच्या आयुष्यभर चालते. म्हणून जाणता बागायतदार दर पावसाळ्याच्या तोंडाशी बुंध्याभोवती आळे करतो, शेणखत टाकतो, वर माती ओढतो. आपण काय केले? बुडख्यालाच सिमेंटचे कडे घातले. नवे मूळ बाहेर यायला जागा नाही, पावसाचे पाणी फरशीवरून थेट गटारात, मुळांना हवा नाही. त्यात एका बाजूला गॅसची नाहीतर इंटरनेटची लाइन टाकायला चर खणला की त्या बाजूची सगळी मुळे तुटली. खिळ्याच्या जखमेतून झिरपणाऱ्या रसाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आत अंडी घालतो, अळ्या खोड आतून पोखरतात. बाहेरून झाड हिरवेगार दिसत असते. मग एका वादळी दुपारी ते कुणाच्या तरी अंगावर कोसळते.

२०१७ च्या जुलैमध्ये चेंबूरला असेच झाले. सकाळी चालायला निघालेल्या एका स्त्रीच्या अंगावर माड पडला आणि ती गेली. त्यानंतर शहरभर माड तोडण्याच्या मागणीचा एकच गलका उठला. झाड धोकादायक आहे, काढून टाका! झाडाला धोकादायक केले कुणी, हा प्रश्न त्या गलक्यात कुणाच्या कानावरच गेला नाही.

आता हातांकडे येऊ.

तुमच्या कुंड्यांना माती घालणारा माळी कुठून येतो, त्याला तुमच्या घरातल्या जेवढ्या गोष्टी ठाऊक आहेत, तेवढ्या तुम्हाला त्याच्याविषयी ठाऊक आहेत का? तो सायकलला लाल मातीची पोती, शेणखत आणि खुरपे अडकवून येतो. दिवसाला कितीतरी घरे करतो. त्याने मुख्य लिफ्ट वापरायची नाही, असा दंडक कित्येक इमारतींत आहे, कारण मातीचे हात आणि शेणाचा वास. पोते खांद्यावर घेऊन तो जिन्याने चढतो. त्याच शेणखताच्या जिवावर फुललेले जास्वंद दुसऱ्या दिवशी देवाच्या डोक्यावर चढते. पोते विटाळलेले, फूल पवित्र! हा चमत्कार मधल्या कुठल्या मजल्यावर घडतो, ते एखाद्या शास्त्रीबुवांनी मला समजावून सांगावे.

महाराष्ट्राला हा चमत्कार फार जुना ओळखीचा आहे. ज्यांच्या घराण्याचे गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले, पेशव्यांच्या वाड्यात ज्या घरातून फुले जात, त्या घरातला जोतीराव १८४८ मध्ये ब्राह्मण मित्राच्या वरातीत चालला, तर त्याला अपमान करून बाजूला काढण्यात आले. वरातीतल्या हारांना माळ्याचे हात चालत होते, रांगेत माळी चालत नव्हता. पावणेदोनशे वर्षे झाली. वरातीची जागा लिफ्टने घेतली, एवढीच आपली प्रगती.

आणि नारळ पाडायला येणारा? पायांत दोरीचा फास, कमरेला कोयता, बाकी काही नाही. पावसाने शेवाळलेल्या, चार मजली उंचीच्या खोडावर तो चढतो आणि खाली उभे राहून आपण सांगतो, 'त्या गाडीवर पडू देऊ नकोस हं!' गाडीचा विमा असतो. त्याचा असतो का, हे कमिटीने कधी विचारले आहे? नारळ पाडणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या नारळ विकास मंडळाची 'केर सुरक्षा' नावाची विमा योजना आहे. केरळात ती लोकांना माहीत आहे. आपल्याकडे सेक्रेटरीला लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार तोंडपाठ असतो आणि या योजनेचे नावही ठाऊक नसते. तो माणूस वरून पडला तर सोसायटी काय करील, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तो आमचा नोकर नव्हता, असे लिहून देईल.

देवाधर्माच्या नावाने चालणारी लूट तर आणखी उघडी आहे. पहाटे सहाला माहीमच्या गल्ल्यांतून फिरा. ट्रॅक सूट घातलेले, चांगल्या घरचे, वयाने मोठे लोक हातात प्लास्टिकची पिशवी आणि पुढे वाकवलेल्या तारेची काठी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणातली तगर, जास्वंद, अनंत खाली ओढत असतात. फांदी तुटली तर तुटली. झाड लावणाऱ्याला उजाडल्यावर रिकामी फांदी दिसते. हटकले तर उत्तर तयार: 'देवासाठीच नेतोय ना!' चोरून आणलेला मनी प्लांट चांगला लागतो, ही समजूत याच घरांतली. म्हणजे देव चोरीच्या फुलांवर प्रसन्न आणि लक्ष्मी चोरीच्या वेलीवर. मुलाने शाळेतून पेन्सिल उचलून आणली तर त्याच्या थोबाडीत देणारी ही माणसे!

ज्येष्ठात दादरच्या फूलबाजारात वडाच्या फांद्यांचे भारे उतरतात. सात जन्मांचा सौदा दहा-वीस रुपयांत. घरी नेऊन पाटावर ठेवायच्या, सूत गुंडाळायचे, संध्याकाळी कचऱ्यात. हे ज्येष्ठात घडते ही आणखी एक गंमत: पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि वडाची मनगटाएवढी जाड फांदी जमिनीत रोवली तर ती याच दिवसांत मुळे धरते. ज्या व्रताने मुंबईत दरवर्षी शेकडो वड उभे राहिले असते, ते व्रत आपण वडांच्या फांद्या खच्ची करण्यावर आणून ठेवले. दसऱ्याचे तेच. आपट्याच्या नावाने कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणायच्या आणि दुसऱ्या सकाळी ते 'सोने' रस्त्यात पायदळी. स्त्रियांना दोष देऊन मोकळे होणारे सुधारक मला आवडत नाहीत. व्रत बायकोने करायचे, फांदी नवऱ्याने बाजारातून आणायची आणि शेजारचा जिवंत वड पार्किंगसाठी तोडायचा ठराव सभेत पुरुषांनी करायचा, अशी ही चोख विभागणी आहे.

कायदा नाही म्हणावे तर तोही आहे. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम १९७५ चा आहे. त्यात झाड 'तोडणे' याचा अर्थ कुऱ्हाड चालवण्यापुरता नाही. झाड जाळणे, त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही त्यात येते. म्हणजे होर्डिंग दिसावे म्हणून रात्री खोडाला भोक पाडून अ‍ॅसिड ओतणारा गुन्हेगार आहे, आणि माझ्या मते बुंध्याभोवती सिमेंट ओतून झाडाला सावकाश गुदमरवणाराही त्याच्याच पंक्तीतला. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत झाडांभोवतीचे एक मीटर काँक्रीट काढायला सांगितले होते. एक मीटर! एका स्कूटरच्या लांबीइतकेही नाही. तेवढे द्यायला लवाद लागला. आणि तीनशे वर्षांपूर्वी, ना लवाद ना पर्यावरण खाते, रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावले होते की आंबा-फणसासारख्या झाडांना आरमारासाठीही हात लावू नये, एखादे फार जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊनच घ्यावे, कारण माणसांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. आपण आज्ञापत्राच्या प्रती छापतो, त्यावर भाषणे करतो. सरकार २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याची घोषणा करते आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आरेमध्ये एका रात्रीत झाडांवर करवती चालतात. सरकारवर मी फार लिहीत नाही. ते आपलेच आहे, आपल्यासारखेच वागते.

आता सोवळ्याला लागलेली सगळ्यात सणसणीत चपराक सांगतो, आणि ती माहीमच्याच वेशीवर आहे.

मिठीच्या काठाला, धारावीला लागून, शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता. मुंबईने वर्षानुवर्षे आपले सडके, फाटके, फुटके सगळे तिथे आणून ओतले. १९७७ मध्ये ते डम्पिंग बंद झाले. तिथे काही उगवेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता. १९८३ पासून तिथे माती पसरून झाडे लावायला सुरुवात झाली, सुरुवातीचे रोप लावणाऱ्या हातांत पक्षितज्ज्ञ सलीम अलींचेही हात होते. १९९४ मध्ये ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून लोकांसाठी खुले झाले. ३७ एकर! आज तिथे दाट झाडी आहे, फुलपाखरे आहेत, पक्षी आहेत, रोपवाटिका आहे. सायन-वांद्रे लिंक रोडच्या धुरातून फाटकाच्या आत पाऊल टाकले की हवा बदललेली अंगाला कळते. पायाखालच्या मातीखाली अजून तोच कचरा आहे, आपण नाकाला रुमाल लावून टाकलेला.

ज्यांच्या शेजारी तो डोंगर रचला त्या धारावीकरांना या शहराने कायम घाणीत राहणारे म्हणून हिणवले. घाण त्यांची नव्हती, आपली होती. आणि त्या घाणीवर जंगल उभे राहते, तर इकडे माहीम-दादरच्या चांगल्या मातीवर, जिच्यात पिढ्यान्पिढ्यांच्या मासळीखताचा कस उतरला आहे, आपण फरश्या बसवतो. उद्यान झाले तरी सोवळे सुटले नाहीच: धारावीच्या पुनर्विकासाच्या बोलण्यांत या जमिनीचेही नाव येऊ लागले, लोक न्यायालयात गेले, आणि उद्यान त्यात नाही असे यंत्रणेला तिथे सांगावे लागले. जंगल कचऱ्यावर उगवले तरी भाव जमिनीचाच होतो.

कुजण्यातून माती करणे अवघड आहे, शहरात ते जमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचे 'विपुलाच सृष्टी' वाचावे. प्रयोग परिवाराच्या या माणसाने पालापाचोळा, उसाचे चिपाड, स्वयंपाकघरातला कचरा आणि मूठभर माती यांवर गच्चीत भाजी पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर त्याच वाटेने बाग झाली. हजारो कामगारांच्या जेवणाचा उरलासुरला कचरा तिथेच जिरला, तिथेच झाडांना लागला. २०१७ साली पालिकेने २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले, तेव्हा केवढी कुरकुर झाली! आपण पाने काळ्या पिशवीत भरून बाहेर पाठवतो आणि त्याच पानांचे झालेले खत चकचकीत पाकिटात विकत आणतो.

खड्ड्याची नीट निगा लागते, हे मान्य. उघड्या, न हलवलेल्या खतात गेंड्या भुंगा वाढतो आणि तो माडाचा शेंडा खातो. म्हणून ढीग दर पंधरवड्याला उलथायचा, वर जाळी टाकायची, अळ्या दिसल्या की वेचून काढायच्या. हे काम कुणी करायचे? माळ्याला जादा पैसे देऊन करून घ्या, पण आधी कमिटीतल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतःच्या हाताने ते उलथावे. नखांत माती गेल्याने आजवर कुणाचा वंश बुडालेला नाही.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर रंगकाम आणि पार्किंगच्या आधी हे ठराव घाला. आवारातल्या प्रत्येक झाडाभोवतीच्या फरश्या मीटरभर उखडायच्या, खिळे उपटायचे. पानांना कचरा म्हणायचे बंद करून त्यांचा खड्डा आवारातच करायचा. नारळ पाडणाऱ्याचा विमा सोसायटीच्या खर्चाने. माळ्याने, कचरा नेणाऱ्याने, कामाला येणाऱ्या बाईने मुख्य लिफ्ट वापरायची, आणि तशी पाटी भिंतीवर लावायची, झाडावर नाही. आणि सभेत कुणी उठून 'वास येईल' म्हणाले, तर त्यांचे नाव आणि फ्लॅट नंबर इतिवृत्तात नोंदवून घ्या.